बॅटरीसाठी मुदत ठेव मोडावी का?

उदगीरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारले आहे की, पंधरा-वीस दिवसांतून एकदाच बाहेर निघणाऱ्या त्यांच्या पेट्रोल गाडीची बॅटरी चार वर्षांत दोनदा बदलावी लागली. तेव्हा अंगणात पत्र्याची शेड, तिच्यावर सौर पॅनल, चार्ज कंट्रोलर (बॅटरीत जाणारी वीज आवरणारे उपकरण) आणि वेगळे वायरिंग असे ३८,००० रुपयांचे काम मुदत ठेव मोडून करून घ्यावे का? पत्नीला कधी रात्री-अपरात्री लातूरच्या दवाखान्यात न्यावे लागते, आणि नेमकी त्याच वेळी गाडी दगा देईल, ही त्यांची खरी धास्ती आहे.

सर, ही धास्ती अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच तिच्यावरचा उपाय खात्रीचा हवा, महागडा असण्याची गरज नाही. आपण कळवल्याप्रमाणे बॅटरी ५,२०० रुपयांना पडते आणि दोन वर्षे टिकते, म्हणजे वर्षाचा खर्च २,६०० रुपये झाला. आपल्या ठेवीवर सात टक्के व्याज मिळते असे धरले, तर ३८,००० रुपयांचे वर्षाचे व्याजच २,६६० रुपये होते. दर दोन वर्षांनी बॅटरी फेकून दिली तरी जेवढे पैसे जातात, तेवढे आपण केवळ व्याजापोटी गमावणार. शिवाय ठेव मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजदरात कपात करील, ती वेगळीच.

एकही रुपया खर्च करण्यापूर्वी मात्र एक तपासणी करून घ्यावी, कारण दोन वर्षांत बॅटरी जाणे मला खटकते. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक यांना थोडा प्रवाह लागतोच. तो ५० मिलिॲम्पिअर असला, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी रिकामी होते. अशी अर्धवट रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, आणि मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात तिचे आयुष्य आणखी घटते. आपल्या पत्रात भाच्याने गाडीत बसवून दिलेल्या कॅमेऱ्याचा ओझरता उल्लेख आहे. आज रात्री गाडी कुलूपबंद करून अर्ध्या तासाने आरशामागे पाहा. तिथे लाल ठिपका लुकलुकत असेल, तर चोर बहुधा तोच आहे. वायरमनकडून मल्टीमीटर (प्रवाह मोजणारे यंत्र) लावून खात्री करून घ्या.

आपण रोज सकाळी गाडी पाच मिनिटे जागेवर चालू ठेवता, ती सवय सोडावी. एवढ्या वेळात बॅटरी धड भरत नाही. केवळ बॅटरीसाठी दर आठवड्याला तीस किलोमीटर फिरवणे तर सर्वांत महाग. लिटरला पंधरा किलोमीटर धरले, तर वर्षाला शंभराहून अधिक लिटर पेट्रोल, म्हणजे दहा हजारांवर रुपये त्यात जातील.

माझा कौल स्वयंचलित फ्लोट चार्जरला आहे. आपल्याच चौकशीत त्याची किंमत ३,२०० रुपये आली आहे. भिंतीवर अर्थिंगसह तीन पिनांचा, पावसापासून झाकलेला पॉइंट आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांसाठी १,५०० रुपये धरा. बॅटरी भरली की हा चार्जर प्रवाह आपोआप कमी करतो, त्यामुळे तो सतत जोडलेला राहिला तरी चालते. पाच वॅटच्या हिशेबाने महिन्याला साडेतीन-चार युनिटच लागतील. बॅटरी चार वर्षे टिकली, तर वीजबिल वजा जाता वर्षाला आठ-नऊशे रुपये वाचतील, म्हणजे खर्च भरून निघायला पाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. नफा म्हणून हे फारसे नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण रात्री दोन वाजता किल्ली फिरवताच इंजिन सुरू होणे यासाठी ४,७०० रुपये मला योग्य वाटतात. घरातून अंगणात एक्स्टेन्शन बोर्ड ओढून मात्र हे काम कृपया करू नका, पावसाळ्यात ते जिवावर बेतू शकते. आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका हा दुसरा आधार घरातल्या सर्वांना माहीत असू द्या.

शेडचा प्रश्न वेगळा आहे. अंदाजपत्रकातले २४,००० रुपये तिचेच आहेत, आणि सावलीचा लाभ रंगाला, टायरला आणि आपल्यालाही होईल. ती हवीच असेल, तर जानेवारीत ठेवीची मुदत संपेल तेव्हा, पत्नीच्या औषधोपचारासाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून उरलेल्या रकमेतून बांधा.