सीआरपीएफचा, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दलाचा, प्रमुख पहिल्यापासून डीजी (महासंचालक) होता का? आणि दलातूनच वर आलेला अधिकारी डीजी होऊ शकतो का?

तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडलेले आहेत. पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं उत्तर, आजवर एकदाही झालेलं नाही. तुमचा भाचा यंदा असिस्टंट कमांडंटच्या, म्हणजे या दलांत अधिकारी म्हणून भरती होण्याच्या, परीक्षेला बसतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. ठाण्यात मी याच परीक्षेची मुलं शिकवतो. कळवा, दिवा, ऐरोलीहून येणारी ही मुलं मला हाच प्रश्न विचारतात आणि तो फार महत्त्वाचा आहे असं मला मनापासून वाटतं.

सीआरपीएफचा जन्म २७ जुलै १९३९ चा, मध्य प्रदेशातल्या नीमचचा. तेव्हा नाव होतं क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह्ज पोलीस. संस्थानांमध्ये चळवळी वाढत होत्या आणि तिथली शांतता राखायला इंग्रज सरकारला स्वतःच्या हुकमातलं दल हवं होतं. दल इतकं लहान होतं की डीजी वगैरे हुद्द्याची गरजच नव्हती. स्वातंत्र्यानंतर सरदार पटेलांनी ते मोडीत काढलं नाही. २८ डिसेंबर १९४९ च्या कायद्याने त्याला आजचं नाव मिळालं आणि १९ मार्च १९५० ला पटेलांनी नीमचलाच त्याला ध्वज प्रदान केला.

आता हुद्द्याकडे येतो. १८६१ च्या पोलीस कायद्यापासून आपल्याकडे पोलिसांचा सर्वोच्च माणूस म्हणजे इन्स्पेक्टर जनरल, आयजी. प्रांताचा प्रमुख आयजी, त्याच्यावर कोणी नाही. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं हेच चाललं. महाराष्ट्र पोलिसांच्या प्रमुखालासुद्धा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आयजीच म्हणत. त्यामुळे केंद्रीय दलाचा प्रमुखही आयजीच असणार, हे त्या काळी ओघानेच आलं.

सीआरपीएफमध्ये हे बदललं १९६० च्या दशकात, आणि त्याला कारणं रक्ताने लिहिलेली आहेत. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात सीआरपीएफचे दहा जवान गेले. दर वर्षी २१ ऑक्टोबरला ठाण्यात, नवी मुंबईत, देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात, तो याच जवानांसाठी. मग १९६२ चं युद्ध आलं. ९ एप्रिल १९६५ ला कच्छच्या रणात सरदार पोस्टवर सीआरपीएफच्या मोजक्या जवानांनी पाकिस्तानी ब्रिगेडचा हल्ला परतवला. त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला सीमेसाठी वेगळं दल, बीएसएफ, उभं राहिलं. त्याची धुरा के. एफ. रुस्तमजींकडे गेली. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेला हा माणूस, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. दुसरीकडे ईशान्येत बंडखोरी, शहरांत दंगली, राज्यांकडून सतत मागणी, त्यामुळे सीआरपीएफच्या बटालियन वाढत गेल्या. एवढा पसारा आयजीच्या हुद्द्यावर चालेना.

म्हणून ऑगस्ट १९६८ मध्ये सीआरपीएफला पहिले महासंचालक मिळाले, व्ही. जी. कानेटकर. मराठी नाव वाचून आनंद होतो, माझ्या मुलांनाही होतो. त्यांचा कार्यकाळ वर्षभराहून थोडाच जास्त. सप्टेंबर १९६९ मध्ये त्यांच्या जागी इमदाद अली आले. पुढच्या यादीत ज्युलिओ रिबेरो आहेत, के. पी. एस. गिल आहेत.

सीआयएसएफमध्ये, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात, हाच बदल थेट कायद्याच्या मजकुरात दिसतो. न्हावा-शेवा बंदराच्या फाटकावर जे जवान दिसतात, ते हे दल. त्यांच्या १९६८ च्या कायद्यात प्रमुख म्हणून इन्स्पेक्टर जनरलचा उल्लेख होता. १९८३ च्या दुरुस्तीने तिथे डायरेक्टर जनरल आला, आणि त्याच दुरुस्तीने ते संघराज्याचं सशस्त्र दल झालं.

खांद्यावरची चिन्हं भाच्याला पाठ असतीलच, तरी सांगतो. असिस्टंट कमांडंटला तीन स्टार. कमांडंटला अशोकस्तंभ आणि दोन स्टार. आयजीला आडवी तलवार-बॅटन आणि एक स्टार. डीजीला तलवार-बॅटनवर अशोकस्तंभ. तळोज्याला आरएएफची, म्हणजे दंगली आवरणाऱ्या शीघ्र कृती दलाची, १०२ बटालियन आहे. निळ्या गणवेशातलं ते दलही सीआरपीएफचाच भाग. तिथला प्रमुख कमांडंट असतो. त्याच्यावर डीआयजी (उपमहानिरीक्षक), आयजी, एडीजी (अतिरिक्त महासंचालक) आणि मग दिल्लीत डीजी.

आता दुसरा प्रश्न. १९६८ मध्ये डीजी बाहेरून, म्हणजे भारतीय पोलीस सेवेतून (आयपीएस) आणला, ते त्या वेळी बरोबरच होतं. दलाकडे स्वतःचे तेवढे ज्येष्ठ अधिकारी होतेच कुठे? १९६२ नंतर सैन्यात तात्पुरतं कमिशन मिळालेले तरुण मोकळे झाल्यावर या दलांत घेतले गेले, आणि केडरची, म्हणजे दलाच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांची, पहिली फळी अशी तयार होत होती. कॅप्टनच्या वयाच्या मुलांमधून सेनापती कसा निवडणार? पण आज ते कारण उरलेलं नाही. तीन लाखांच्या घरातलं दल, छत्तीसगडच्या जंगलात आणि काश्मीरमध्ये आयुष्य घालवलेले कमांडंट, आणि तरीही सर्वोच्च खुर्ची आयपीएससाठीच राखीव. केडरमधले मोजके अधिकारी एडीजीपर्यंत पोचले, त्यापुढे कोणी नाही.

आयपीएसच्या बाजूने एक मुद्दा वजनदार आहे, तो नाकारत नाही. कायदा-सुव्यवस्था राज्यांचा विषय, सीआरपीएफ राज्याच्या मागणीवर जातं, आणि राज्याच्या पोलिसांशी जुळवून घ्यायला तिथे काम केलेला प्रमुख उपयोगी पडतो. पण हा समन्वय शिकता येतो. वीस-पंचवीस वर्षं वेगवेगळ्या राज्यांत तळ ठोकून राहिलेला कमांडंट तो शिकलेलाच असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की डीजीची निवड दोन्हीकडून खुली हवी.

२३ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत मोठा निकाल दिला. पाचही केंद्रीय दलांच्या गट-अ अधिकाऱ्यांना संघटित सेवेचा, म्हणजे बढती-वेतनाचे ठरलेले फायदे असलेल्या सेवेचा, दर्जा सर्व बाबतींत द्या, सहा महिन्यांत केडरचा आढावा घ्या, आणि आयजीपर्यंतच्या पदांवरच्या प्रतिनियुक्त्या (बाहेरून, म्हणजे आयपीएसमधून, काही काळासाठी केलेल्या नेमणुका) दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करा, असं सांगितलं. नीट वाचा, आयजीपर्यंत. डीजीची खुर्ची त्यात नाही. तरीही ज्या अधिकाऱ्यांना पहिल्या बढतीसाठी दहा वर्षांहून जास्त थांबावं लागलं, त्यांच्यासाठी हा निकाल छोटा नाही.

भाच्याला एवढंच सांगा. वयाची अट २० ते २५ आहे, तेव्हा शारीरिक चाचणीची तयारी लेखी परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता आत्तापासून सुरू करू दे. मुलाखतीत केडर आणि आयपीएसबद्दल विचारलं तर तक्रारीच्या सुरात बोलू नये. १९६८ चं कारण काय होतं आणि २०२५ चा निकाल काय म्हणतो, एवढं मांडलं की पुरे. खारघर-तळोज्याच्या बाजूला राहात असाल तर आरएएफमधल्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याशी त्याची गाठ घालून द्या. कमांडंट होईपर्यंतचा प्रवास कसा असतो, घर किती वर्षं लांब राहतं, हे तेच खरं सांगू शकतील.