लेझर सेन्सरचं अंतर दोन-तीन सेंटिमीटरने चुकतं, अचूकता कशी वाढवू?

आधी चूक कुठल्या प्रकारची आहे ते बघा. सेन्सर आणि लक्ष्य स्थिर ठेवून १०० रीडिंग घ्या. आकडे नुसते मागेपुढे होत असतील तर सरासरी काढा, हा गोंधळ साधारण दहापट कमी होतो. पण सगळे एकाच बाजूला सरकलेले असतील तर सरासरीचा काही उपयोग नाही. मग टेपने मोजलेल्या तीन-चार अंतरांवर कॅलिब्रेशन करा, म्हणजे सेन्सरचं रीडिंग खऱ्या अंतराशी जुळवून घ्या, आणि ते पांढऱ्या व काळ्या दोन्ही पृष्ठभागांवर कराच. लेझर पल्सची वेळ मोजणाऱ्या सेन्सरमध्ये काळ्यावरून येणारा क्षीण सिग्नल थ्रेशोल्ड (सिग्नल आला असं मानायची ठरलेली पातळी) उशिरा ओलांडतो, म्हणून अंतर जास्त दिसतं. १ नॅनोसेकंदाचा उशीर म्हणजे तब्बल १५ सेंटिमीटर! शिवाय सेन्सरसमोरची काच स्वच्छ हवी.