पार्ट बदलावा की मशीनच नवं घ्यावं?

प्रश्न : आमचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन सात वर्षांचं आहे. कपडे पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, बेअरिंग गेलंय, ते सुटं मिळत नाही, अख्खा टब बदलावा लागेल. खर्च ११,५०० रुपये. तसलंच नवं मशीन २६,००० ला मिळतंय. काय करावं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी बेअरिंगच गेलंय का ते बघा. प्लग काढा, दार उघडा, ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. ड्रम आणि बाहेरचा टब एकदम हलले तर काळजी नको, टब स्प्रिंगवर टांगलेलाच असतो. टब जागेवर राहून ड्रम एकटाच लटपटला, तर बेअरिंग गेलं. मागचं कव्हर काढल्यावर पुलीमागे तांबूस ओघळ दिसले तर शंकाच उरत नाही.

बेअरिंग सहसा आपणहून जात नाही. आधी ऑईल सील (बेअरिंगकडे पाणी जाऊ न देणारी रबरी कडी) झिजतं, मग साबणाचं पाणी आत झिरपून ग्रीस धुऊन नेतं आणि बेअरिंगमधल्या गोळ्या गंजतात. त्यामुळे सील न बदलता नुसतं बेअरिंग बदललं, तर खर्च वाया गेलाच म्हणून समजा.

'सुटं मिळत नाही' हे अर्धंच खरं आहे. बऱ्याच मॉडेलांत टबचे दोन भाग कारखान्यातच वितळवून जोडलेले असतात, म्हणून कंपनीच्या यादीत बेअरिंग वेगळं नसतं. तुम्ही धडधाकट टबाचेही पैसे भरता. बेअरिंग मात्र प्रमाणित मापाचं असतं आणि नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२, जाडी १५ मिलिमीटर. कंपनी कुठलीही असो. पुढचं मोठं, मागचं लहान अशी दोन लागतात. बेअरिंगच्या दुकानात दोन्ही आणि सील मिळून टबाच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाहीत. खरा खर्च मजुरीचा, कारण टब बाहेर काढायचा तर अख्खं मशीन मोकळं करावं लागतं.

काही टब स्क्रूंनी जोडलेले असतात, ते सोपं काम. वितळवून जोडलेला असेल तर जोडाच्या कडेला दर सहा-सात सेंटिमीटरवर भोकं आधी पाडून घ्यायची आणि मगच हॅकसॉने कापायचं. कापल्यावर भोकं पाडली तर दोन भाग पुन्हा जुळत नाहीत आणि टब गळतो. जोडताना सिलिकॉन सीलंट, स्टीलचे बोल्ट, आणि पाणी सोडण्यापूर्वी पूर्ण एक दिवस सुकवणं. नवं बेअरिंग बसवताना ठोका बाहेरच्या कड्यावरच हवा. आतल्या कड्यावर ठोकलं की गोळ्या फिरतात त्या खाचेत खड्डे पडतात आणि महिन्याभरात घरघर पुन्हा सुरू.

निर्णय ठरतो तो स्पायडरवर, म्हणजे ड्रमच्या पाठीवरच्या तीन हातांच्या अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर. जड पाणी आणि साचलेली पावडर ती पोखरते. हात खाल्लेले दिसले, किंवा सील जिथे घासतं तिथे शाफ्टच्या (ड्रमच्या दांड्याच्या) बुशवर, म्हणजे कड्यावर, नखाला लागेल अशी चर असेल, तर नुसत्या बेअरिंगवर खर्च करू नका. दोन्ही ठीक असतील तर बाहेरच्या कारागिराकडून बेअरिंग-सील बदलून घ्या. उघडल्यावर स्पायडर खराब निघाला तर मजुरी किती, हे आधीच ठरवा. भांडणं इथेच होतात. ११,५०० देऊन टब मात्र आम्ही बदलणार नाही. सात वर्षांच्या मशीनचे मोटर, पंप, बोर्ड जुनेच राहतात.

प्रश्न : मिक्सरचं कपलर सारखं तुटतं. दुकानदार नवा मिक्सरच घ्या म्हणतो.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कपलर, म्हणजे मोटर आणि जार जोडणारी चकती, तुटण्यासाठीच असतं, मोटर वाचावी म्हणून. सारखं तुटतंय म्हणजे जार जाम आहे. जारचं पातं बोटाने नव्हे, खालच्या कपलरने फिरवून बघा. अडखळत असेल तर बुश आणि पात्याचा सेट बदला, जार तोच राहू द्या. मोटरवरचं कपलर बहुतेक मिक्सरमध्ये उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. जोर लावून उलटीकडे फिरवलं की शाफ्टचे आटे जातात, आणि मग मात्र दुकानदार म्हणतो तेच करावं लागतं. मोटर जळका वास देत ठिणग्या टाकत असेल तर आधी कार्बन ब्रश बघा. जोडीनेच बदलायचे.

प्रश्न : मशीनचा बोर्ड गेला म्हणतात. दुरुस्त होतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उघडा, म्हणजे वर लेप नसलेला, असेल तर बहुधा होतो. फ्यूज, रिले, कॅपॅसिटर अशा किरकोळ गोष्टी जातात, कधी पाल किंवा झुरळ आडवं पडून शॉर्ट झालेलं असतं. वॉशिंग मशीनचे बरेच बोर्ड ओल लागू नये म्हणून रेझिनमध्ये बुडवलेले असतात. ते खरवडून काम करणारे कमी, आणि हमी देणारे त्याहून कमी. आधी दाराचं लॉक आणि वायरचे सॉकेट तपासायला सांगा. त्यांचा दोष अनेकदा बोर्डावर ढकलला जातो. ग्राहक व्यवहार विभागाच्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर (सुरुवात डिसेंबर २०२२) काही कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती आहे, तीही बघून घ्या. बिलात पार्ट, मजुरी आणि व्हिजिट वेगळे लिहून घ्या. नवा बोर्ड घेतलात तर जुना परत मागा, तो तुमचा आहे.