पपईला फुलं भरपूर, फळ मात्र एकही नाही

प्रश्न: परसात बी टाकून पपईची तीन झाडं वाढवलीत. दोघांना गोल गोल फळं लागलीत, पण तिसऱ्याला नुसते लांब दांड्यावर लोंबणारे फुलांचे झुबके येतात आणि गळून जातात. खत कमी पडतंय का? शेजारचे म्हणतात बुंध्यात खिळा ठोका. की सरळ तोडूच? आणि डेंग्यूला पानांचा रस चालतो का?

उत्तर: खताचा काही दोष नाही हो, ते झाड नर आहे. पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडं असतात आणि गंमत म्हणजे फुलं येईपर्यंत नुसतं बघून काही कळत नाही. नराची फुलं बारीक, लांब दांड्यावर झुपक्याने येतात, मादीची मोठी आणि खोडाला अगदी चिकटून. खिळ्याबिळ्याच्या नादी लागू नका, नर की मादी हे बीमध्येच ठरलेलं असतं. क्वचित नरालाही दांड्याच्या टोकाला चार फळं धरतात, पण त्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

पण तोडायची घाई नको! तुमच्या बाकीच्या दोन झाडांची फळं गोल आहेत म्हणजे ती बहुतेक मादी असणार, आणि त्यांना पराग हाच देतोय. बागेतसुद्धा साधारण दहा मादी झाडांमागे एक नर मुद्दाम ठेवतात. फळं लांबट असती तर झाडं उभयलिंगी, ती आपलं आपण भागवतात, मग नर खुशाल काढा. खोड पोकळ आणि मऊ असतं, पक्कं लाकूड नसतंच, त्यामुळे तोडायला त्रास नाही, पण म्हणूनच बुंध्याशी पाणी साचलं की मूळ कुजून अख्खं झाड बसतं, तेवढं सांभाळा.

पुढच्या वेळी बीवरचा बुळबुळीत थर चोळून धुवा, त्याने उगवण अडते. आणि एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावा, फुलं आली की हवं ते ठेवायचं.

पानांच्या रसाचं म्हणाल तर काही छोट्या चाचण्यांत प्लेटलेट वाढल्याचं दिसलंय, पण तो डेंग्यूवरचा इलाज नव्हे, रस पीत घरी बसू नका, डॉक्टर गाठा. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं, मटण मऊ होतं ते त्यामुळेच, पण गरोदरपणात आणि लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर कच्ची पपई टाळलेलीच बरी.