जुन्या ब्रिटिश मालिकांत दिसणाऱ्या डिलिव्हरी व्हॅन कोणत्या? सगळ्या बेडफर्डच असतात का?

नाही. आखूड नाकाची गोलसर व्हॅन दिसली की ‘बेडफर्ड’ म्हणून मोकळं व्हायची सवय इतकी पसरली आहे की आधी तेच निस्तरतो.

बेडफर्ड सीए (1952 ते 1969) हिला बुटकं का होईना, पण काचेच्या पुढे आलेलं नाक आहे. इंजिनाचा मागचा भाग दोन सीटांच्या मध्ये घुसतो. पुढची दारं सरकती, त्यामुळे दार उघडं टाकून निघालेला पाववाला दिसला तर सीएचा संशय जरूर घ्या. सुरुवातीच्या सीएची पुढची काच दोन तुकड्यांची, मध्ये उभी पट्टी. एकसंध काच आली 1950च्या दशकाच्या अखेरीस. कथा 1953ची आणि काच एकसंध, तर गाडी चुकीची आणली आहे.

फोर्ड टेम्स 400ई (1957 ते 1965) तोंडाने सपाट आणि तिची पुढची दारं बिजागरीची. सीए आणि ही, दोघींत गल्लत व्हायचं काही कारणच नाही.

कॉमर ओळखायला सगळ्यात सोपी. 1960 साली आलेल्या या व्हॅनला कारचं पुढचं सस्पेन्शन लावलं होतं, म्हणून पुढची चाकं बॉडीच्या कडेपासून चांगलीच आत. समोरून येणारा शॉट थांबवा आणि फक्त चाकं बघा. वरचं धूड रुंद आणि खाली चाकं जवळजवळ, म्हणजे कॉमर. पुढे हिच्यावरच डॉजचा बॅज लागला, म्हणून बॅजच्या भरवशावर राहू नका.

बीएमसीच्या (ऑस्टिन आणि मॉरिस हे दोन्ही ब्रँड असलेल्या कंपनीच्या) गाड्यांत तर बॅजवरून भांडणं म्हणजे वेळ वाया घालवणं. घोड्याच्या नालेसारखं ग्रिल आणि सरकती दारं असलेली मॉरिस जे-टाइप 1949ची. तिचीच सुधारित आवृत्ती 1957 पासून ऑस्टिन 101 म्हणूनही विकली. मॉरिस जे2 तीच ऑस्टिन 152. फ्रेममध्ये बॅज दिसत नसेल तर ‘बीएमसी जे2’ लिहा आणि पुढे चला.

पोस्टाच्या लाल मॉरिस मायनरला सुरुवातीच्या काळात पुढचे मडगार्ड रबराचे होते आणि हेडलाइट त्यांच्यावर वेगळे बसवलेले. ते शूटिंगवाल्यांचं काम नाही, पोस्टाने तशाच मागवल्या होत्या.

आता नंबरप्लेट. ‘शेवटचं अक्षर सी, म्हणजे 1965ची गाडी’ असं ठासून सांगणारे प्रत्येक चर्चेत भेटतात. ब्रिटनमध्ये गाडी खऱ्या वयापेक्षा नवी भासेल असा नंबर लावता येत नाही, जुनी भासेल असा लावता येतो. म्हणजे सी-वाली व्हॅन रस्त्यावर 1965ची किंवा त्यानंतरची, एवढंच सिद्ध होतं. शूटिंगच्या खोट्या प्लेटवरून तेवढंही नाही. प्लेटचा रंग मात्र कामाचा: चमकणारी पांढरी-पिवळी प्लेट नव्या गाड्यांना 1973 पासून सक्तीची झाली, म्हणून 1950च्या दशकातल्या कथेत मागे पिवळी प्लेट दिसली तर ती चूकच.

दुरुस्त केलेल्या व्हॅनमध्ये ग्रिल, दिवे, चाकाच्या टोप्या दुसऱ्या मॉडेलच्या सर्रास सापडतात, तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नका. बाजूवर रंगवलेलं दुकानाचं नाव तर पुरावाच नव्हे. आणि दूधवाल्याची हळू चालणारी, उघड्या बाजूंची गाडी बहुधा विजेवरची असते. तिला वरचं काहीच लागू होत नाही. नेमकी एखादी व्हॅन विचारायची असेल तर समोरून आणि दाराच्या बाजूने, असे दोन स्क्रीनशॉट टाका.