सेव्हिलचं लग्न आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : माझ्या भाच्याचं लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात स्पेनमधल्या सेव्हिलला आहे, चर्चमध्ये, मुलगी तिथलीच. सांगलीहून आम्ही 11 जण निघालोय. त्यात 72 वर्षांच्या सासूबाई (गुडघे दुखतात), एक माळकरी काका आणि सगळं बघायचंच म्हणणारी दोन कॉलेजची पोरं. लग्नाआधी तीन दिवस मोकळे आहेत, त्यात बार्सिलोनाही उरकावं असं घरात चाललंय. काय बघावं, काय सोडावं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, बार्सिलोना आधी काढून टाका बघा. फास्ट ट्रेननंसुद्धा एका बाजूला साडेपाच तास जातात, आणि लग्नात अकराच्या अकरा जण जांभया देत उभे राहिलात तर फोटोत तेच येणार.

उन्हाचं आम्हाला काय सांगता असं म्हणाल, पण तिथलं घड्याळ वेगळं आहे. जूनमध्ये सूर्य मावळतो साडेनऊ वाजून गेल्यावर आणि सगळ्यात जास्त तापतं ते संध्याकाळी पाच-सहाला, म्हणजे आपण चहा पिऊन बाहेर पडायच्या टायमाला. म्हणून सकाळी नऊ ते एक फिरायचं, मग जेवून सरळ झोपायचं (तिथले लोकही पडदे ओढून घरातच असतात) आणि आठनंतर परत बाहेर.

पहिली सकाळ कॅथीड्रल आणि हिराल्डा मनोऱ्याला द्या. हा मनोरा मुळात 12व्या शतकातल्या मशिदीचा मिनार, नंतर ख्रिश्चनांनी त्यावर घंटाघर चढवलं. आत जवळजवळ जिने नाहीतच, वर चढत जाणारे 35 उताराचे रस्ते आहेत, अजान देणारा घोड्यावर बसून वर जायचा म्हणे. आता तुम्हाला वाटेल सासूबाईंची सोय झाली, पण येताना उताराला गुडघे जास्त बोलतात, हे घाटातनं चालत आलेल्या कुणालाही विचारा. त्यांना चार-पाच वळणं चढू दे, खिडकीत बसून वारा खाऊ दे आणि खाली आणा. खाली कोलंबसची कबर आहेच, स्पेनच्या चार जुन्या राज्यांचे चार पुतळे त्याची पेटी खांद्यावर घेऊन उभेत, थेट पालखीचे भोई. रविवार मात्र टाळा, सकाळी प्रार्थना असते.

दुसरी सकाळ अल्काझार राजवाडा. माझं मत विचाराल तर एकच काही बघायचं असेल तर हेच. 14व्या शतकात पेद्रो नावाच्या ख्रिश्चन राजानं मुसलमान कारागिरांकडनं बांधून घेतलेला, भिंतींवर अरबी अक्षरं, चौकाचौकात पाणी, मागे भलीमोठी बाग, आणि वरच्या मजल्यावर स्पेनचा राजा आजही आला की उतरतो. तिकिटं टायमाची असतात आणि संपतात, त्यामुळं इथनंच ऑनलाइन काढा, पासपोर्ट जवळ ठेवा.

संध्याकाळी प्लाझा दे एस्पान्या. 1929च्या प्रदर्शनासाठी बांधलेला हा अर्धगोल चौक, आपला सांगलीचा आयर्विन पूलही 1929चाच, सासूबाईंना हे सांगा, त्यांना चौक एकदम घरचा वाटेल. बसायला रंगीत टाइल्सचे बाक आहेत, प्रत्येक प्रांताचा एक.

पोरांना तिसऱ्या दिवशी एकटं कोर्दोबाला सोडा. ट्रेननं पाऊण तास. तिथल्या जुन्या मशिदीत 850च्या वर खांब आणि मधोमध चक्क चर्च, असलं दुसरीकडं बघायला मिळणं अवघड. तुम्ही बाकीचे नदी ओलांडून त्रियानाला जा, मातीची रंगीत भांडी आणि टाइल्स यांचा जुना मोहल्ला आहे. लाकडी छत्रीवाली ती नवी इमारत (2011ची, गावातले लोक तिला अळंबीच म्हणतात) जाताजाता दिसली तर ठीक, मुद्दाम नको.

काकांचं जेवण हा खरा प्रश्न. तिकडं भाजीतही डुकराचं मांस बारीक करून टाकतात, त्यामुळं 'सिन हामोन, सिन कार्ने' हे चार शब्द पाठ करून ठेवा, म्हणजे हॅम नको, मटण नको. तोर्तिया म्हणजे पोळी समजू नका, ते अंड्याचं आमलेट. पालक-काबुली चण्याची जिरं घातलेली भाजी मिळते, ती मागा, काका खूश होतील. भडंग न्या, पण पेढे नकोत, बाहेरनं युरोपात दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात आणि जीव हळहळतो. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, अकरा जणांचे कागद आहेत तेव्हा आजच बसा.

आणि लग्नाचं एक. चर्चमध्ये नवऱ्या मुलाला आत घेऊन जायचा मान तिथं बहुतेक वरमाईचा असतो, तेव्हा तुमच्या घरच्यांना आधी सांगून ठेवा, ऐनवेळी पदर सावरत पळायला नको. नवराबायको बाहेर आले की लोक त्यांच्यावर तांदूळ टाकतात, अगदी अक्षता! तुम्हीही मूठभर न्या, फक्त कुंकू लावलेल्या नकोत, मुलीचा ड्रेस पांढरा असतो.