आकडा, काटा आणि करार

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. १९९१ आधी सरकार खासगी उद्योगांच्या विरोधात होतं, नंतर बाजूने झालं, असं उत्तरात लिहिलं तर चालेल का? (विद्यार्थी, पुणे)

गुण मिळतीलही, पण चित्र अर्धंच राहील. १९४४ साली जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास अशा बड्या उद्योगपतींनीच ‘बॉम्बे प्लॅन’ मांडला. १५ वर्षांत १०,००० कोटी रुपये गुंतवा आणि त्यात सरकारने पुढाकार घ्यावा, हे त्यांचंच म्हणणं. पोलाद, वीज, अवजड यंत्रं यांत एवढा पैसा वर्षानुवर्षं अडकवून ठेवण्याची ऐपत तेव्हा कुणात होती?

१९५६ च्या धोरणात १७ उद्योग सरकारकडे गेले. बाकीच्यांतही कारखाना काढायला परवाना लागायचा आणि माल किती काढायचा हेही परवान्यातच लिहिलेलं. स्कूटरचा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट कशी पाहायची, ते आजोबांना विचारा. २४ जुलै १९९१ च्या धोरणानंतर परवाना १८ उद्योगांपुरता उरला, सरकारसाठी राखीव उद्योग ८ झाले. त्यानंतरचा बदल मात्र पुस्तकात घाईने उरकतात: टोल, बंदरं, वीजवाटप अशी सरकारची कामंच कंपन्या कराराने करू लागल्या.

इचलकरंजीत माझे १२ यंत्रमाग आहेत. भिवंडीसारखी इथे खासगी कंपनी वीज वाटायला आली, तर दर वाढतील का? (यंत्रमागधारक)

दर कंपनीच्या हातात नसतो, तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. जानेवारी २००७ मध्ये टोरंट पॉवर भिवंडीत आली ती फ्रँचायझी म्हणून. तारा-खांब महावितरणचेच राहिले आणि ग्राहकही. कंपनीने महावितरणकडून ठरल्या भावाने वीज घ्यायची, ग्राहकाला आयोगाच्या दराने द्यायची आणि वसुली करायची. अशा व्यवहारात नफा वाढवायचा तर गळती, म्हणजे वाटेत चोरीला किंवा वाया जाणारी वीज, रोखावी लागते. म्हणून कंपनी आधी वीजचोरीसाठी तारांवर टाकलेले आकडे काढते आणि मग मीटर बदलते. चकतीचं जुनं मीटर गेलं की दर तोच असूनही बिल फुगल्यासारखं वाटतं. बऱ्याचदा ती वीज आधीही जळत होती, मोजली जात नव्हती इतकंच. अर्थात मीटरवर शंका असेल तर तपासणी मागा, तो तुमचा हक्क आहे.

भिवंडीत गळती खूप खाली आली, हे मान्य करायला हवं. पण तेच प्रारूप २०११ मध्ये औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरच्या काही भागांत नेलं, तिथे टिकलं नाही. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये संपला, नागपूर २०१९ मध्ये महावितरणकडे परत आलं. त्यामुळे ‘खासगी चांगलं की सरकारी’ या वादात मला फारसा रस नाही. कंपनीच्या खिशात किती दम आहे, सुरुवातीला किती पैसा घालायचं तिने लिहून दिलंय, आणि ती मध्येच निघून गेली तर काय, हे विचारा. मोर्चा काढायचाच असेल तर कराराची प्रत मागण्यासाठी काढा.

आमचा सहकारी कारखाना खासगी कंपनीने चालवायला घेतलाय. ऊस तिथेच घालावा का? (शेतकरी, सोलापूर जिल्हा)

कायदा दोघांना एकच. एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान ऊसदर, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे ३,५५० रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. हे व्याज मागणारे फार थोडे, कारण पुढच्या वर्षी तोडणीची टोळी वेळेवर यायला हवी असते ना!

फरक पडतो तो मताचा. सहकारी कारखान्यात सभासद म्हणून वार्षिक सभेत उभं राहून उतारा कमी का पडला, असं विचारता येतं. खासगीत तुम्ही फक्त माल पुरवणारे. आता, सहकारातही ते विचारलं जात होतं का, हे तुम्हीच सांगा. माझा सल्ला एवढाच: काट्याची पावती तिथल्या तिथे घ्या, जपून ठेवा, आणि शक्य असेल तर गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोलून न्या. गेल्या तीन हंगामांत कुणी किती दिवसांत पैसे दिले, ते गावातच कळेल. त्यावरून ठरवा.

एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीकडे शाळेसाठी सीएसआरचा (कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाचा) निधी मागायचा आहे. त्यांना द्यावाच लागतो का? (मुख्याध्यापिका)

तुम्हालाच द्यावा, असं नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली, तरी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. शिक्षण त्या यादीत बसतं, पण शाळा कंपनी निवडते. पैसे संस्थेच्या खात्यात हवे असतील तर सीएसआर-१ हा अर्ज भरून संस्थेची नोंदणी आधी करून घ्या. अर्ज मार्चअखेरीस नेऊ नका. नवं वर्ष सुरू होताच, एप्रिलमध्ये जा.